मथुराअक्कांचे बिऱ्हाड

मथुराअक्का खोली बघायला गेल्या की आधी मोरी बघत. मग खिडकी उघडून बघत, मग घरमालकिणीच्या तोंडाकडे. भाड्याची गोष्ट सगळ्यांत शेवटी. "भाडं ऐकलं की चांगली खोलीही वाईट दिसायला लागते," असे त्या म्हणत, "म्हणून खोली आधी बघून घ्यायची."

मी पिंप्राळ्याची. वडील जळगावच्या एका कापसाच्या जिनात कामाला होते. ते गेल्यावर मी नर्सिंग शिकले आणि धुळ्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात लागले. लढाई सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झाले असेल. पगार बावीस रुपये, त्यातला निम्मा आईला पाठवायचा. दवाखान्यात नर्सना राहायला जागा नव्हती आणि गावात नर्सला जागा कोणी देत नसे. रात्री-बेरात्री येणारी-जाणारी, कोणत्याही जातीच्या माणसाला हात लावणारी, घरधन्यावाचून राहणारी बाई कोणाला आपल्या ओट्यावर नको होती. मोठ्या डॉक्टरांनी मला अक्कांच्या स्वाधीन केले. त्या तिथल्या सर्वांत जुन्या नर्स. अमळनेरकडच्या एका खेड्यातल्या, लहानपणीच विधवा झालेल्या, सावळ्या, उंच, आणि चालताना पदर खोचलेला.

पहिल्याच संध्याकाळी त्या मला एक खोली दाखवायला घेऊन गेल्या. मालकीणबाईंनी माझी जात विचारली, वडील विचारले, मग म्हणाल्या, "रात्रीची ड्यूटी असते का हो हिला?"

"असते," अक्का म्हणाल्या. "तुमच्या सुनेचं बाळंतपण रात्रीच झालं ना?"

"हो बाई, मध्यरात्र होती."

"तेव्हा या ओट्यावरून कोण आलं होतं?"

मालकीणबाई ओशाळल्या, पण बधल्या नाहीत. "अक्का, तुम्ही बाळंतपणाला खुशाल या हो. राहायला मात्र नको."

मला रडू आले. अक्का मात्र रस्ताभर हसत होत्या. ते वाक्य त्यांनी पुढे कितीतरी जणींना त्या बाईंच्या आवाजात म्हणून दाखवले. त्या रात्री त्यांनी मला आपल्याच खोलीवर नेले. तिथे आधीच मार्था होती. नंदुरबारकडची ही ख्रिस्ती मुलगी आमच्याच दवाखान्यात काम करी. अक्कांना पूर्वी एक चांगली, स्वस्त खोली मिळत होती. पण मालकाने "तुम्ही या, ती ख्रिस्तीण नको" म्हटल्यावर त्यांनी आगाऊ दिलेले पैसे परत मागून घेतले होते. हे मला मार्थाने सांगितले. अक्का त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत.

अक्कांच्या दोन भाषा होत्या. डॉक्टरांशी त्या अगदी पुस्तकी बोलत. खेड्यातली बाई खाटेवर कण्हत असली की तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणत, "घाबरू नको व माय, बठ्ठं चांगलं व्हई." आणि राग आला की समोर कोणीही असो, अहिराणीच तोंडातून निघे. वॉर्डबॉय सांगत, अक्का शुद्ध बोलतात तोवर भिण्याचे कारण नाही.

आमची खोली ज्या चाळीत होती ती दवाखान्याच्या कमिटीतल्या एका शेठजींची. शेठजी मनाने वाईट नव्हते. दिवाळीला वॉर्डात फराळ वाटत, रोग्यांची विचारपूस करत. पण मुंबईवर बॉम्ब पडणार अशी आवई उठली आणि तिकडची कुटुंबे ट्रंका-वळकट्या घेऊन धुळ्यात उतरू लागली. जनावरांच्या गोठ्यालासुद्धा गिऱ्हाईक येऊ लागले. आमच्या खोलीचे भाडे पाच रुपयांचे अकरा झाले. अक्का मला घेऊन शेठजींच्या पेढीवर गेल्या.

"मुंबईवाले पंधरा द्यायला तयार आहेत, अक्का," शेठजी म्हणाले. "तुम्ही दवाखान्याच्या, म्हणून अकरा."

"मग पगारही दवाखान्याच्या म्हणूनच वाढवा."

"पगार काय माझ्या एकट्याच्या हातात आहे? कमिटी आहे."

"आणि भाडं कोणाच्या हातात आहे?"

शेठजी हसले. मग हसणे थांबवून त्यांनी पानाचे तबक पुढे केले. अक्कांनी पान घेतले नाही.

आम्ही देवपुरातही जागा शोधली. नदीपलीकडे तरी स्वस्त असेल असे वाटले होते. तिथेही मुंबईवाले पोचले होते. शेवटी आम्ही तिघी मिळून अकरा रुपये भरू लागलो. धान्यही महागले होते. संध्याकाळची चूल बंद झाली. मार्था घरी लहान भावंडांना पैसे पाठवी, त्यामुळे ती सकाळीही अर्धपोटीच उठे. एके दिवशी भर दुपारी, रोग्यांना औषध देता देता, ती वॉर्डात कोसळली. डॉक्टरांनी तपासले आणि म्हणाले, "हिला काही झालेलं नाही. हिला जेवायला घाला."

मार्थाला अक्कांनी रिकाम्या खाटेवर निजवले, दूध पाजले आणि दुसऱ्याच दिवशी हातगाडी आणून आमचे सामान तीवर चढवले. दवाखान्यामागे मोडक्या खाटा ठेवायच्या दोन खोल्या होत्या. त्यांना कुलूप होते. अक्कांनी कुलपाला हात लावला नाही. समोरच्या पडवीत वळकट्या ठेवल्या, तीन विटा मांडल्या आणि चूल पेटवली. त्या दिवशी कमिटीची बैठक आहे हे त्यांना चांगले ठाऊक होते.

मंडळी आली ती धूर बघून थेट मागेच. पुढे शेठजी, त्यांच्यामागे रावसाहेब म्हणून एक वकील, आणि शेवटी घाम पुसणारे आमचे डॉक्टर. मी आणि मार्था भिंतीला चिकटून उभ्या. अक्का भाकरी थापत होत्या.

"हे काय चाललंय?" रावसाहेब कडाडले.

"स्वयंपाक."

"दवाखान्यात?"

अक्कांनी भाकरी तव्यावर टाकली आणि हात झटकत उभ्या राहिल्या. "तुमना पगारमा घर बसत नही, साहेब. मंग घरनी बाई कोठे बसी?"

मी मार्थाचा हात धरला. अहिराणी सुरू झाली होती.

"ही बेशिस्त आहे. आजच्या आज काढून टाका हिला," रावसाहेब म्हणाले.

एव्हाना बायकांच्या वॉर्डातून उठता येण्याजोग्या सगळ्या बाया पडवीच्या तोंडाशी जमल्या होत्या. ऑपरेशन झालेली एक म्हातारी पोटावर हात धरून पुढे आली. "अक्काले काढशात, ते आम्हलेबी काढा," ती म्हणाली आणि तिथेच जमिनीवर बसली. तिला उचलायला सगळ्यांत आधी धावल्या त्या अक्काच. "टाका तुटतीन ना व माय!" म्हणून तिला रागावल्यासुद्धा.

शेठजी मार्थाकडे बघत होते. ती अजून पांढरीफटक होती. ते म्हणाले, "त्या खाटा हलवा. खोल्यांना चुना लावून घ्या."

खोल्या नर्सना मिळाल्या, बिनभाड्याच्या. पण रावसाहेबांचा मान राखणे कमिटीला भाग होते. अक्कांनी लेखी माफी मागावी, नाहीतर यावलच्या शाखेत जावे, असे ठरले. यावलची शाखा म्हणजे एक खोली, एक कंपाउंडर आणि पावसाळाभर हिवतापाचे रोगी. मी अक्कांच्या पाया पडून म्हटले, "लिहून द्या ना माफी. काय जातं?"

"चूक झाली असं लिहून दिलं, तर उद्या खोल्याही चुकूनच दिल्या म्हणतील," त्या म्हणाल्या. अगदी शुद्ध भाषेत, शांतपणे. चुना वाळायच्या आत त्या यावलला गेल्या.

वर्षभराने काही औषधे न्यायला त्या धुळ्याला आल्या. वाळल्या होत्या. मार्थाने त्यांना हात धरून आत आणले. त्यांनी दोन्ही खोल्या पाहिल्या, भिंतीवरून हात फिरवला. "जराशी पाठ टेकते," म्हणाल्या आणि उघड्या जमिनीवरच आडव्या झाल्या. मी त्यांना दिवसा झोपलेले कधी पाहिले नव्हते. यावलची मोटर सुटायची वेळ झाली तरी त्या गाढ झोपेत होत्या. मी उठवायला वाकले, तर मार्थाने मला मागे ओढले.

दिवेलागणीला त्या दचकून उठल्या. "गाडी?"

"गेली," मार्था म्हणाली.

अक्कांनी आम्हां दोघींकडे पाहिले. मग पदर खोचून चुलीशी बसल्या. "मग राहते आज," म्हणाल्या. "पाहुणी म्हणून भाडं नका मागू म्हणजे झालं."

त्या थंडीत यावललाच तापाने त्या गेल्या. आमच्या त्या घरात त्या एकच रात्र राहिल्या. स्वयंपाक त्यांनी केला आणि आम्ही तिघी पोटभर जेवलो.