शेवटचे पाच सेकंद

ही गोष्ट माझ्या बायकोलाही कधी कळली नाही. तिला जाऊन चार वर्षं झाली. आता घरात ऐकायला कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय — नाहीतर तुमच्याजवळही तोंड उघडलं नसतं.

अंबडच्या एका कारखान्यात मी फिटर होतो. पण कुणी विचारलं तर सांगायचो, आमच्या कॉलनीतल्या मुलींच्या कबड्डी संघाचा माणूस. आम्हाला मूलबाळ नाही. शिफ्ट संपली की मी मैदानावर. बायको म्हणायची, "भाजा, लष्कराच्या भाकऱ्या भाजा." भाजल्या — आनंदानं भाजल्या. ओझर, सटाणा, मालेगाव, संघ जाईल तिथे मी आणि माझ्यामागे वीस-पंचवीस जण. मी हात वर केला की ते ओरडायचे. असा मान कारखान्यात कधी मिळाला नाही, खोटं कशाला बोलू?

आणि माझं एक ठरलेलं काम होतं. चढाईला तीस सेकंद मिळतात. चढाई करणाऱ्या मुलीला घड्याळाकडे बघायची सवड नसते, म्हणून रेषेबाहेरून मी ओरडायचो — "दहा... पाच... परत." विमल हरसूलकडची, हॉस्टेलवर राहून आमच्याकडून खेळायची. तिच्यासारखी चढाई कुणाचीच नव्हती. पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "काका, मी घड्याळ बघनार नाय. तुमचा आवाज ऐकनार." मग कितीही कल्ला असो, ती माझ्या "पाच"वर वळायची.

बायको जायच्या दोनेक वर्षं आधी आम्ही जिल्हा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचलो. गुण बरोबरीत, शेवटची चढाई विमलची. नुसती परत आली असती तरी जादा वेळ मिळाला असता. आणि मी — मी काय करत होतो? मोबाईल स्वतःकडे वळवून स्वतःचाच व्हिडिओ काढत होतो. मागे ओरडणारी आमची माणसं, पुढे मी. ग्रुपवर टाकायला. "दहा" म्हटलं. "पाच" म्हणायचं राहिलं. पंचांची शिट्टी वाजली तेव्हा ती अजून पलीकडच्याच अंगणात होती. ती बाद, आणि आम्ही एका गुणाने हरलो.

इथवर ती चूक होती — माणसाकडून होते. पण मागून कुणीतरी म्हणालं, "पोरगी विकली गेली." सगळे माझ्याकडे बघायला लागले, संघाचं खरंखोटं माझ्याच तोंडून ऐकायची सवय ना त्यांना. विमल मध्यरेषेपाशी उभी राहून माझ्याकडेच बघत होती. मी म्हणालो, "मलाही तसंच वाटतंय."

तिच्याविरुद्ध घोषणा मग त्यांनी दिल्या, पण हात मी वर केला. हो, हात मीच वर केला. व्हिडिओ घरी पोचायच्या आत पुसून टाकला.

संघ चालवणाऱ्या आमच्या कॉलनीच्या मंडळाने तिला संघातून काढलं. खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी जवळजवळ ठरली होती; त्या नोकरीसाठी लागणारं पत्र मंडळाने दिलं नाही. ती गावी निघून गेली. तिला सगळं ठाऊक होतं, तरी माझं नाव तिनं कुणापाशी घेतलं नाही. का घेतलं नाही? मी ते विचारायची हिंमत केली नाही.

यंदा मंडळाने माझा सत्कार केला — निष्ठावंत पाठीराखा म्हणून. खांद्यावर पडलेली शाल मी घरी येऊन कपाटाच्या तळाशी टाकली. विमल हरसूलच्या बाजारात भाजी विकते असं ऐकलं होतं, म्हणून पुढच्या बाजाराच्या दिवशी एसटी पकडून तिथे गेलो. माझी चूक तिच्यापुढे कबूल करायलाच गेलो होतो, शपथेवर. ती भाजी विकत बसली होती. मला पाहून उठली, बसायला पोतं अंथरलं, चहा मागवला. म्हणाली, "काका, आपला संघ कसा हाय आता?"

'आपला' म्हणाली.

मी तिला तासभर संघाबद्दल सांगितलं. कोण कशी खेळते, कोण कुठून आली, सगळं. मग एसटी आली आणि मी बसलो.