मागे घेतलेले पाय

मी नमस्काराला वाकले आणि बाबांनी पाय मागे घेतले. उज्जैनला, नानाखेड्याच्या बस स्टँडवर, सकाळी सव्वासातला, इंदूरच्या बसच्या दारापाशी. माझे हात त्यांच्या चपलांपासून वीतभर लांब होते. ते दोन पावलं मागे सरकले आणि मी तशीच वाकलेली राहिले. मग काहीतरी करायला हवं म्हणून मी खाली ठेवलेल्या पिशवीचा बंद आवळला, आधीच आवळलेला. कंडक्टर "इंदौर, इंदौर, सीधी इंदौर" ओरडत होता. बाबा म्हणाले, "खिडकीपाशी बस. पाणी भरून घेतलं ना? पोहोचली की फोन लावशील." एवढंच. बस सुटली तेव्हा मी खिडकीतून बाहेर पाहिलं नाही.

हे लिहिते आहे ते आमच्या कॉलनीत मागे राहिलेल्यांसाठी. माधवी तिकडे मलेशियात मजेत आहे, असं तुम्ही समजता. आणि लिहिते आहे माझ्यासारख्या निघून गेलेल्यांसाठी, ज्यांनी बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी एखादा राग नीट गुंडाळून नेला असेल. माझा तर मी भैरवगढच्या चादरीत गुंडाळला होता. ती लाल-काळ्या छापाची चादर आईची होती. आईला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

आईचं पोट दुखायला लागलं त्या संध्याकाळी बाबा म्हणाले होते, "गॅस असेल. सकाळी बघू." सकाळी बघितलं, दुपारी इंदूरला नेलं आणि तिसऱ्या दिवशी तिला परत आणलं ते शववाहिनीतून. तेराव्याला घर पाहुण्यांनी भरलेलं असताना मी सगळ्यांसमोर बाबांना म्हणाले, "तुम्ही वेळेवर नेलं असतं तर आज आई असती." बाबा केळीच्या पानांवर पाणी शिंपडत होते, ते शिंपडतच राहिले. नंतरचे आठ महिने आम्ही त्याच घरात राहिलो, एकमेकांचा चहा केला, पण त्या वाक्याच्या जवळपास कोणी गेलं नाही. मग पेनांगच्या एका कारखान्यात माल तपासणीची नोकरी मिळाली आणि मी निघाले. म्हणून स्टँडवर ते पाय मागे गेले तेव्हा मला वाटलं, हे आलं उत्तर. आठ महिने जपून ठेवलेलं, आणि बरोबर निघायच्या वेळी दिलेलं.

पेनांगमध्ये मी लिम आंटीच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहत होते. सत्तरीची, एकटी, बारीक चणीची चिनी बाई. तिच्या घराण्यात ताओ पंथ चालत आलेला. दारापाशी लाल देव्हारा, त्यात रोज तीन उदबत्त्या. माझं तिकडे लक्षही नव्हतं. मी कामावरून यायचे, दार आपटायचे, भांडी आपटायचे. दर रविवारी बाबांना फोन करायचे. "बरं आहे ना?" "बरं आहे. तू?" "बरं आहे." फोन ठेवला की माझी अशी तळपायाची आग मस्तकात जायची की जेवण उतरायचं नाही. झोपेत दात इतके खायचे की एका दाढेचा तुकडा पडला.

एका संध्याकाळी लिम आंटीनं खालून हाक मारली. मला वाटलं भाड्याचं काही असेल. तिच्या दारापुढच्या ओट्यावर गरम पाण्यानं भरलेला टब ठेवला होता, त्यात ठेचलेलं आलं. ती तिच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "तू चालतेस ते मला माझ्या छतातून ऐकू येतं. टाचांनी जमीन मारतेस. बस. पाय घाल." मी बसले, कारण तिला नाही म्हणण्याइतकीही ताकद नव्हती. तिनं सांगितलं की राग वर चढतो आणि डोक्यात अडकून बसतो, त्याला खाली यायला वाट करून द्यायची. वीस मिनिटं बोलायचं नाही, फोन बघायचा नाही, पाणी गार होऊ लागलं की उठायचं. मी मनात म्हटलं, चला, आता हेही.

आणि बघा, हसू येतं. मी उज्जैनची मुलगी. आमच्याकडे रिक्षात बसलं तरी रिक्षावाला वाटेत मोक्षाची वाट सांगतो. घाटावर पावलापावलाला शांती शिकवणारे बसलेले. त्या गावात जन्म काढून मी श्वास घ्यायला शिकले ती पेनांगच्या एका चिनी घरमालकिणीकडून, प्लास्टिकच्या निळ्या टबात पाय बुडवून.

पुढे तिनं आणखी शिकवलं. सकाळी बागेत झाडासारखं उभं राहायचं, गुडघे किंचित वाकवून, हात पोटासमोर एखादा मोठा चेंडू धरल्यासारखे. काही करायचं नाही, नुसतं उभं. पहिल्या आठवड्यात माझ्या मांड्या थरथरायच्या आणि मला रडू फुटायचं. आंटी शेजारी उभी असायची, बघायचीसुद्धा नाही. तिच्या हिशेबात राग यकृतात राहतो, दुःख फुप्फुसात, भीती मूत्रपिंडात. प्रत्येकाचा एक उच्छ्वास, प्रत्येकाचा एक आवाज, तो हळू सोडत राहायचं. सकाळी तांदळाची पातळ पेज, आमच्या आजारपणातल्या मऊ आटवलासारखीच. आपलं दार आपण झाडायचं, पण ओढूनताणून नाही. पंथाबद्दल विचारलं तर ती टबाकडे बोट दाखवायची. "पाण्याला सांगावं लागत नाही कुठे जायचं ते. तू पण ढकलू नकोस." याहून जास्त तिनं कधी सांगितलं नाही.

मला फरक पडला. झोप लागायला लागली. कारखान्यातल्या मुली माझ्याजवळ येऊन बसायला लागल्या. दोन-तीन वर्षांनी मी स्टँडची ती गोष्ट आंटीला सांगितली, तेव्हा आवाज चिरकला नाही. मला वाटलं, झालं, सुटले. मी फक्त शांत झाले होते, बाबांना माफ केलं नव्हतं. मधे एकदा चार दिवसांसाठी उज्जैनला गेले. नानाखेड्याच्या पुढची शेतं जाऊन तिथे लॉज झाले होते. निघताना मी बाबांना लांबूनच हात जोडले, कुठल्यातरी ऑफिसातल्या माणसाला जोडावेत तसे. त्यांनीही जोडले. तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला होता, की बघा, मनात काही उठलंसुद्धा नाही.

नवव्या वर्षी शेजारच्या शकुंतला चाचीचा फोन आला. "बेटा, बाबूजी को लकवा मार गया। बोली भी चली गई।" आमच्या भिंतीला भिंत लावून तिचं घर. आई गेल्यापासून बाबांच्या भाजीची वाटी तिच्याकडूनच यायची.

मी पाच आठवड्यांची रजा घेतली. निघताना लिम आंटीनं आल्याची पुडी हातात दिली, जणू उज्जैनला आलं मिळत नाही. म्हणाली, "बोलू नको. त्याचे पाय पाण्यात ठेव."

बाबा खुर्चीत होते. डावं अंग गेलेलं, तोंड एका बाजूला ओढलेलं. मला पाहून उजव्या डोळ्यातून पाणी आलं. डाव्यातूनही येत होतं, पण ते नेहमीच येत होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी टब भरला, आई लहान बाळाचं पाणी बघते तसं कोपरानं पाणी बघितलं, कारण गेलेल्या पायाला चटका कळत नाही. मी खाली बसले आणि त्यांच्या पायांना हात घातला. त्यांनी उजवा पाय मागे घेतला.

तसाच. नऊ वर्षांपूर्वीसारखा. खुर्चीखाली घातला आणि मान हलवत राहिले, नाही, नाही. डावा मात्र होता तिथेच राहिला, त्याला मागे जाता येत नव्हतं. मी तो उचलून पाण्यात ठेवला. ज्या पायाला कळत होतं तो नको म्हणत होता, आणि ज्याला काही कळत नव्हतं तो माझ्या हातात होता. वीस मिनिटं मी तो एक पाय धरून बसले. मग मागच्या अंगणात जाऊन नळापाशी झाडासारखी उभी राहिले. पण कसलं झाड आणि कसला श्वास! नऊ वर्षांचं सगळं शिकलेलं एका मिनिटात वाहून गेलं. मरायला टेकलेला माणूस, आणि अजून याचा राग जात नाही, असं मी मोठ्यानं म्हणाले.

भिंतीपलीकडे शकुंतला चाची कपडे काढत होती. तिनं विचारलं, काय झालं. मी सांगितलं. मी वेडी असल्यासारखी ती माझ्याकडे बघत राहिली.

"अरे, बेटी से पाँव थोड़े ही छुआते हैं। पाप लगता है। हमारे यहाँ तो बेटी के पाँव छूते हैं, विदा में।"

मी म्हटलं, "पण आम्ही मराठी आहोत, चाची."

"तेरी माँ थी मराठी। बाबूजी तो यहीं के हैं।"

मला धडाधड आठवायला लागलं. आई साताऱ्याची. तिच्यापायी बाबाही घरात मराठीच बोलायचे, इतके की ते इथले आहेत हे मी विसरलेच होते. तिच्या धाकानं मी दिवाळीला, परीक्षेला, वाढदिवसाला बाबांच्या पाया पडायचे. बाबा दर वेळी "बस, बस, पुरे" म्हणत मागे सरकायचे. तेव्हा ते हसायचे, आणि आई म्हणायची, "उभे राहा नीट, मुलीला आशीर्वाद द्या." स्टँडवर आई नव्हती, आणि ते हसले नव्हते. फरक एवढाच होता का? मी चाचीला विचारलं, त्या दिवशी मला सोडून घरी आल्यावर बाबा काही बोलले होते का. ती म्हणाली, "वो कब कुछ बोलते थे, बेटा?"

बाबांना विचारायची सोय राहिली नव्हती. मी एकदा विचारलं तरी. त्यांच्यासमोर बसून म्हटलं, "बाबा, त्या दिवशी स्टँडवर तुम्ही रागावला होतात का? मी आईबद्दल बोलले म्हणून?" त्यांच्या तोंडातून एक लांब आवाज आला. तो हो होता की नाही, मला कळलं नाही. मी म्हटलं, "माझं चुकलं." तेही त्यांना समजलं की नाही, कोण जाणे. त्यानंतर रोज संध्याकाळी मी फक्त डावा पाय पाण्यात ठेवत गेले. उजव्याला हात लावला नाही. पुसायला आईची तीच चादर, मी परत बरोबर आणलेली, फाडून पंचे केले होते, इतक्या धुण्यांनंतरही तिचा लाल रंग थोडा उतरायचा. त्या वीस मिनिटांत बाबा डोळे मिटून असायचे. त्या घरात आम्ही दोघं एवढे जवळ कधीच बसलो नव्हतो.

रजा संपली. दिवसभरासाठी एक बाई ठेवली, चाचीला सगळं समजावलं. बाहेर ई-रिक्षा येऊन उभी राहिली. मी बाबांच्या समोर गेले. या वेळी वाकायचं नाही हे मी ठरवलं होतं, त्यांना उगाच पाय ओढायला लावायचा नाही. मी नुसती उभी राहिले. तेव्हा बाबा खुर्चीतून पुढे झुकले. फार कष्टानं, उजव्या हातानं खुर्चीचा दांडा सोडून, तो हात खाली, माझ्या पायांकडे नेला.

आणि मी पाय मागे घेतले.

विचार करून नाही. चटका बसावा तसे. वडील मुलीच्या पाया पडतात, हे माझ्यातल्या साताऱ्याच्या आईला सहन होण्यासारखं नव्हतं. दोन पावलं मागे, बरोबर त्यांच्याचसारखी. त्यांचा हात हवेत राहिला. मी लगेच पुढे झाले, "बाबा, नाही, तसं नाही," म्हणत पाय त्यांच्या हातापाशी नेला, पण हात तोवर मांडीवर परत गेला होता. त्यांनी मान खिडकीकडे वळवली होती. चाची म्हणाली, "जा बेटा, गाड़ी निकल जाएगी।" मी गेले.

तीन आठवड्यांनी बाबा गेले. माझं ते पाय मागे घेणं त्यांनी काय समजून घेतलं, हे मला कधीच कळणार नाही. त्यांचं कारण माहीत नव्हतं तेव्हा मी नऊ वर्षं त्याला राग म्हटलं. त्यांच्याजवळ तर तीनच आठवडे होते आणि विचारायला तोंड नव्हतं.

लिम आंटीला मी विचारलं, याला कुठला श्वास. रागाला यकृत आहे, दुःखाला फुप्फुस आहे, याला काय? ती म्हणाली, "याला काही नाही. पण पाय गार ठेवू नकोस." तिनं खोटं सांगितलं नाही, म्हणून मी तिचं अजून ऐकते. सकाळी उभी राहते, पेज खाते, दार झाडते. यानं ते जात नाही. माणूस कामावर जाऊ शकतो, एवढं होतं.

कॉलनीतलं घर बंद आहे, किल्ली चाचीकडे. तुम्ही फोनवर विचारता, घरी कधी येणार. मला नीट सांगता येत नाही. आता घर म्हणजे माझ्या लेखी संध्याकाळचा हा निळा टब, ठेचलेलं आलं, आणि समोर एक रिकामी खुर्ची. मी दोन्ही पाय पाण्यात ठेवते. डास चावतात, कधी फोन वाजतो, खालून आंटी हाक मारते. पाणी गार होऊन जातं, तरी मी पाय मागे घेत नाही.