भोगीची सवाष्ण

गोजरबाईने तो कागद माझ्यापुढे ठेवला तेव्हा मी आधी नाव वाचलं. मग तारीख. मग पुन्हा नाव.

तो तिच्या नवऱ्याचा मृत्यूचा दाखला होता. अकरा वर्षांपूर्वीचा.

मराठी घेऊन बी. ए. झाल्यापासून मी सात रस्त्याजवळ सरकारी फॉर्म भरून द्यायच्या दुकानात बसते. गोजरबाई आमच्याच गल्लीतली. नवरा तिला सोडून करकंबला दुसरीबरोबर राहतो, हे सगळ्यांना माहीत होतं. राहतो, म्हणजे आहे. म्हणून तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू. सणाचा स्वयंपाक करायला तिला घरोघर बोलावणं असे. त्यावरच तिचं चालायचं. नैवेद्याला सवाष्णीचाच हात लागावा असं माझी आई मानते. अशा आया गल्लीत पुष्कळ.

"अपेक्षा, विधवा पेन्शनचा फॉर्म भर," ती म्हणाली. "गुडघं गेलं गं. गॅसपुढं उभं राहवत न्हाय."

"मावशी, हे कोणालाच माहीत नाही?"

"तुला झालं की आता."

मग तिने सांगितलं. दिराचा फोन आला होता. ती करकंबला गेली, शेवटचं बघून आली. "गल्लीत सांगितलं हुतं, पुतणीच्या लग्नाला चाललेय म्हणून. परत आले, कुलूप काढतेय तवर तुझी आई दारात. म्हणली, गोजरबाई, उद्या भोगी, लवकर या. काय म्हणायचं हुतं मी? सांगितलं असतं तर तितंच संपलं असतं सगळं."

ती भोगी मला आठवते. मी बारा वर्षांची होते. तिच्या हातच्या तीन भाकऱ्या खाल्ल्या होत्या.

तिने आणलेला फोटो मी हातात घेतला. फोटोत ठसठशीत कुंकू होतं.

"हा चालणार नाही, मावशी."

"व्हय की," ती म्हणाली. आणि पदराने कपाळ पुसलं.

पांढऱ्या पडद्यापुढे स्टुलावर बसली. मी फोटो काढला. इतकी वर्षं मी तिला पाहते आहे. ही बाई मी पाहिली नव्हती. कुंकवाच्या जागी कातडी फिकट होती, गोल. फोटो झाल्यावर तिने पिशवीतून डबी काढली आणि आरशाशिवाय, अगदी मधोमध, पुन्हा कुंकू लावलं.

एक गोष्ट सांगणं भाग होतं. "चौकशीला माणूस येतो. गल्लीत विचारतो."

तिने डबी पिशवीत टाकली, पिशवीचे बंद ओढले.

"उद्या भोगी हाय," मग म्हणाली. "भोगी हू दे. मग सांगते, पाठवायचा का न्हाय."

माझ्या बहिणीचं, आरोहीचं, लग्न गेल्या उन्हाळ्यात झालं. पहिल्या भोगीला ती मोहोळहून माहेरी आली होती. घरी जाताना मला एकदम तिची आठवण झाली. उद्या गोजरबाई तिला कुंकू लावणार. मी रस्त्यातच थांबले. मग मीच चमकले. मी, जी परीक्षेत असल्या रूढींवर पानंच्या पानं लिहून आले, ती घाबरले होते.

सकाळी स्वयंपाकघरात बाजरीच्या भाकरीला लावलेले तीळ तडतडत होते. गोजरबाई भाजी करत होती. वांगी, गाजर, पावटे, सोलाणे, ओल्या शेंगा, बोरं. ही भाजी तिने कधी कोणाला शिकवली नव्हती. आईने विचारलं की म्हणायची, "मग मला कोन बोलवंल?"

आज तिने आरोहीला हाताला धरून जवळ उभं केलं.

"बघ. पावटं आधी. बोरं एकदम शेवटाला, न्हायतर गाळ हुतो. तिळाचं कूट घातल्यावर झाकण ठेवायचं न्हाय."

"आज सूर्य कुठं उगवला, गोजरबाई?" आई हसली.

"पोरगी सासरी काय दगड शिजवंल का, वैनी?"

नैवेद्य झाला. आईने करंडा पुढे केला. "हिला लावा. पहिली भोगी हाय."

गोजरबाईने हात मागे घेतला. "हात तेलकट हायत माझं. अपेक्षा लावंल की."

"तिचं लग्न कुठं झालंय? सवाष्णीनंच लावायचं."

गोजरबाईने माझ्याकडे पाहिलं. फक्त माझ्याकडे. आरोही कपाळ पुढे करून उभी होती. करंडा आईच्या हातात तसाच होता.

"लावा, मावशी," मी म्हणाले.

तिने लावलं. अगदी मधोमध.

जेवून ती निघाली. मी दारापर्यंत गेले. चपला पायात सरकवत ती हळूच म्हणाली, "पाठव त्यो फॉर्म."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"मावशी, मग पुढच्या भोगीला..."

"पुढच्या भोगीला आरोही करंल. शिकवलीय की तिला."

"आणि आईला?"

"चौकशीवाला सांगंल," ती म्हणाली आणि चक्क हसली. मग गुडघ्यावर हात ठेवून एकेक पायरी उतरली.

आतून आईची हाक आली. "गोजरबाई गेल्या का गं? उद्या संक्रांतीला लवकर या म्हणून सांग!"

मी दारातच उभी राहिले. हाक तिनेही ऐकली होती. ती वळली नाही.