पोरगी निवली

बायको गेल्यापासून लोक माझं सांत्वन करायला येतात. बसतात, चहा घेतात, देवाच्या मनात होतं म्हणतात आणि जातात. मला त्याने काडीचं बरं वाटत नाही. बरं वाटायचं ते तिच्या एका शब्दाने. मी तिसरीत शाळा सोडलेला माणूस, लिहिणं माझं काम नाही. पण त्या शब्दापायी एकदा माझा जीव गेल्यात जमा होता, म्हणून लिहितो.

शब्द म्हणजे निवणे. ती रत्नागिरीकडची, मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे आमटी गार होते, ताप उतरतो, औषधाचा गुण येतो, दुखऱ्या पायाला आराम पडतो. तिच्याकडे सगळं नुसतं निवतं. पेज निवते, डोळे निवतात, अंगावर पित्त उठलं की ते आमसुलाच्या पाण्याने निवतं, भांडून बसलेली सासूसुद्धा दोन दिवसांनी निवते. मी म्हणायचो, "तुमच्या कोकणात शब्दांची टंचाई आहे काय?"

ती म्हणायची, "एकात भागतं तर पाच कशाला? तुमच्याकडे पाच आहेत, पण तुमचा राग त्यातल्या एकाने तरी उतरतो का?"

तेव्हा आम्ही कळव्याला चाळीत राहायचो. मी खाडीपलीकडे ठाण्याला लाकडाच्या वखारीत कामाला. स्वातंत्र्य मिळून पाच-सात वर्षं झाली असतील. पोरगी दीड वर्षाची, तिला गोवर आला. तिच्या आधीचा मुलगा गोवरानेच गेलेला. त्यामुळे दोघांच्या मनात एकच, पण तोंडाने कोणी बोलत नव्हतं. दाराला लिंबाचा डहाळा बांधला, म्हणजे बाहेरच्याने आत यायचं नाही. पोरगी तव्यासारखी तापलेली. ही पाण्याच्या पट्ट्या ठेवायची, मी पाल्याने वारा घालायचो. पण खाडे तरी किती करणार? शेवटी तीच म्हणाली, "जा तुम्ही कामाला. तुमचं तोंड बघून मलाच ताप चढतो. काय असेल तो निरोप धाडीन."

भल्या सकाळी गेलो. कचेऱ्या उघडायच्या सुमाराला शेजारचे कारकून वखारीत आले. ठाण्याच्या कचेरीत नोकरी, बोलणं एकदम पुणेरी, धोतराला कधी डाग नाही. तो माणूस वखारीच्या चिखलातून माझ्याकडे यायला लागला, तेव्हाच माझ्या हातातली करवत थांबली.

"जरा बसून घ्या," ते म्हणाले.

"बसत नाही. बोला."

"वहिनींचा निरोप आहे. मुलगी निवर्तली."

हा शब्द मी आयुष्यात एकदाच ऐकलेला, बाप गेला तेव्हा गावच्या मास्तरांच्या तोंडून. अर्थ विचारावा लागला नाही.

मुकादमाने काम थांबवलं. लहान पोराला जाळत नाहीत, पुरतात, खड्ड्यात मीठ घालतात. म्हणून मुकादमाने कुदळ घेतली, एकाने फावडं घेतलं, एक जण बाजारातून मिठाची पिशवी घेऊन आला. आम्ही पुलावरून चालत निघालो. वाटेत कोण काय बोललं ते आठवत नाही. मला पोरीपेक्षा बायकोची भीती वाटत होती. मुलगा गेला तेव्हा ती महिनाभर कोणाशी बोलली नव्हती, जेवायची तेही मी भरवलं तर. ह्या खेपेला ही काही राहत नाही, एवढंच डोक्यात.

चाळीत शिरलो तर रडण्याचा आवाज नाही. वाटलं, रडून संपली. दार लोटलं. ती भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर पोरगी, आणि पोरगी वाटीत हात घालून पेज चिवडत होती.

मी उभाच. मागे कुदळ, फावडं, मीठ.

तिने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "अहो, हे काय? कोणाची विहीर खणायला निघालात?"

मुकादम म्हणाला, "वहिनी, पोरीचा निरोप आला होता."

"मग? मीच दिला. हे गेले आणि तिला दरदरून घाम फुटला. बाहेर भाऊजी दिसले, म्हटलं ह्यांना सांगा, पोरगी निवली." बोलता बोलता तिची नजर पिशवीवर गेली, आणि तिला कळलं. पोरीला तिने पदराखाली ओढलं. "ते मीठ आधी खाडीत टाकून या. कोणाच्या आमटीतसुद्धा पडता कामा नये."

मी उंबऱ्यावर बसलो आणि मोठ्याने रडलो. मुलाच्या वेळी रडलो नव्हतो. मुकादम हसत होता आणि बाहीने डोळे पुसत होता.

संध्याकाळी कारकून आले, दाराबाहेरच उभे राहिले. तोंड उतरलेलं. "वहिनी, तुमच्या डोळ्यांत पाणी होतं हो. मला वाटलं, तुम्हाला पूर्ण शब्द येत नाही. म्हणून मी तो पुरा करून सांगितला."

"म्हणजे आनंदाने रडायचीही चोरी," ती म्हणाली. "भाऊजी, तुमचं शुद्ध तुमच्यापाशी ठेवा. माझी पोरगी अशुद्धच बरी." मग आवाज खाली आणून, "थांबा जरा, चहा बाहेरच देते."

मी आत पोरीच्या कपाळाला हात लावून बघत होतो. गार लागलं. परत लावला.

"किती वेळा बघाल? झिजेल ती," ही चुलीपासून म्हणाली. "आता तरी म्हणा, निवली."

त्या दिवशी तो शब्द काही माझ्या तोंडातून निघेना. "बरी आहे," मी म्हणालो.

"तेही चालेल," ती म्हणाली, आणि कारकुनांच्या आधी मला चहा दिला.