माझ्या मापाची रायफल

आमच्या घरात रायफल आली ती मेंढा पारखून आणावा तशी. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, लहानपण करमाडच्या माळावर मेंढरांमागं गेलं. पुढं ते शेंद्र्याच्या एका कंपनीत पॅकिंगला लागले आणि आम्ही गारखेड्यात दोन खोल्यांत राहायला आलो, पण वस्तू पारखायची त्यांची रीत माळावरचीच राहिली. पुण्यातला एक नेमबाज आपली जुनी एअर रायफल विकणार होता, ती बघायला आम्ही दोघं गेलो. तो बिचारा नळी कुठली, दाब किती, कुठल्या स्पर्धेत काय लागलं हे भरभरून सांगत होता. अप्पांनी नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवला, तिला उलटी करून बघितलं आणि म्हणाले, "पोरीला उचलू द्या की. वागवायची तिला हाय."

मी उचलली. खांद्याला लावली तर मान पार खाली घालावी लागली, कारण तो माणूस आखूड मानेचा आणि आमच्या घराण्यात सगळ्यांच्या माना उंच. मी तोंड वाकडं केलं. त्यावर तो म्हणाला की हे सगळं स्क्रूवर आहे, वरखाली होतं, मागंपुढं होतं. अप्पांना ते फार आवडलं. येताना एसटीत त्यांनी पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही.

दहा मीटरवरून एअर रायफल मारणाऱ्यांना ठाऊक असतं की चांगली रायफल असं काही नसतं, मापाची रायफल असते. दस्त्याच्या टोकाचा खांद्याला लागणारा भाग, गाल टेकवायची पट्टी, डाव्या हाताखालचा टेकू, सगळं ज्याच्या त्याच्या हाडांप्रमाणं लावावं लागतं. आमच्या कोच मॅडमनी मला त्याची एक रीत शिकवली होती. डोळे मिटायचे, रायफल खांद्याला लावायची, गाल पट्टीवर सोडून द्यायचा आणि मग डोळे उघडायचे. मागच्या चकतीला जे बारीक भोक असतं, त्यातून पुढची गोल कडी आपोआप मधोमध दिसली पाहिजे. मान सुताएवढी जरी हलवावी लागली तरी पट्टी चुकली.

अप्पा कंपनीतून आले की चहा घेऊन आम्ही गच्चीवर जायचो. मी डोळे मिटून उभी राहायची आणि ते स्क्रू फिरवायची एलन की घेऊन माझ्याभोवती फिरायचे. "बंदुकीनं तुझ्याकडं यावं. तू तिच्याकडं जायाचं नाय," असं त्यांचं म्हणणं. मी वैतागून "झालं की आता!" म्हणाले तरी ते पुन्हा डोळे मिटायला लावायचे. कॅनव्हासचं आणि चामड्याचं नेमबाजीचं जाड जॅकेट मी पहिल्यांदा घातलं तेव्हा मला हात खाली सोडता येईनात. अप्पा हसून म्हणाले, "आता कुत्रं जरी चावलं तरी कळायचं नाय तुला." आई जिन्यात उभी राहून विचारायची, हे सगळं कशासाठी? मला राज्याच्या संघात जायचं होतं. एवढी एकच गोष्ट मला मनापासून हवी होती आणि ती मिळेल असं मॅडमही म्हणत होत्या.

दुसऱ्या वर्षी कडीला शेपूट फुटलं. म्हणजे पुढच्या गोल कडीच्या खालच्या बाजूला एक पुसट सावली दिसायला लागली. माझे नेम एका बाजूला जायला लागले. खेळाडूला अशा वेळी पहिला संशय येतो तो सामानाचा. आम्ही पुढची कडी बदलली. छर्रे बदलले, रायफल शिकंज्यात आवळून वेगवेगळ्या डब्यांतले छर्रे मारून बघितले. रायफल सगळे छर्रे एकाच भोकात घालत होती. नळी साफ केली, पट्टी खालीवर केली. अप्पा तर दस्त्याचा प्रत्येक स्क्रू काढून पुसून बसवायचे आणि मान हलवत म्हणायचे, "हिला काय झालंय कळना."

मग एक दिवस मी मागच्या चकतीचं भोक जरा बारीक केलं. ते फिरवून लहानमोठं करता येतं. शेपूट गेलं! कडी काळी कुळकुळीत, जशी पहिल्या दिवशी होती तशी. मी आनंदानं ओरडलेच. त्या आठवड्यात माझे गुण वाढले, मॅडमनी पाठीवर थाप मारली, अप्पा कंपनीतून येताना पेढे घेऊन आले. पुन्हा सावली दिसली की मी भोक आणखी बारीक करायची. भोक बारीक झालं की समोर अंधारून येतं, म्हणून मी ट्यूबलाइटखालची जागा मागून घ्यायला लागले. ती नाही मिळाली तर भांडायची. मला सगळे चिडकी म्हणायचे आणि मी होतेच. पण उपाय सापडला होता, याची मला खात्री होती. मॅडमना होती, अप्पांना होती. आमच्यातल्या कुणालाही वेगळं काही सुचलं नाही, कारण नेम तर लागत होता.

निवड चाचणीच्या आदल्या दिवशी सरावाला शेजारच्या जागेवर नगरची एक मुलगी होती. गप्पांच्या नादात तिनं माझी रायफल बघायला मागितली, गाल टेकवला आणि हसायलाच लागली. "अगं, ह्यात दिसतं काय तुला? सगळा काळोख आहे!" मलाही हसू आलं. मग तिनं मला तिची रायफल दिली. तिच्या चकतीच्या भोकातून मी बघितलं तर समोर कडी नव्हती, तीन-चार कड्या एकमेकींवर चढून बसल्या होत्या. मी डोळा चोळला, पुन्हा बघितलं. तिच्या रायफलीला काही झालं नव्हतं.

त्या चाचणीत माझं काय झालं ते सांगण्यासारखं नाही. परत आल्यावर अप्पा मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. उजव्या डोळ्याच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन पुढं फुगत होता. डॉक्टरबाईंनी एका पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडलं, माझ्या डोळ्यापुढं धरलं आणि समोरची अक्षरं वाचायला सांगितली. मी सगळी वाचली. पुठ्ठा काढल्यावर वरच्या दोन ओळीसुद्धा येईनात. बारीक भोकातून अधू डोळ्यालाही साफ दिसतं, त्या म्हणाल्या. अप्पा त्या पुठ्ठ्याकडं बघत बसले. उपचार करून डोळा आहे तिथं थांबवता येईल, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. मला फार राग आला. कुणाचा ते कळत नव्हतं, म्हणून मी घरी येऊन आईवर काढला.

उपचार झाले आणि अप्पांनी ठरवलं की आता डाव्या डोळ्यानं मारायचं. ऐकायला सोपं वाटतं. डाव्या डोळ्यासाठी रायफल डाव्या खांद्यावर घ्यावी लागते, चाप डाव्या बोटानं ओढावा लागतो, डाव्या हाताची मूठ मागवावी लागते, जॅकेट दुसरं शिवावं लागतं. सगळं अंग उलटं करायचं. आम्ही ते केलं. पुन्हा गच्ची, पुन्हा डोळे मिटणं. अप्पांचे केस तोवर बरेच पांढरे झाले होते. "व्हईल, माय. हात शिकतो," ते म्हणायचे, आणि हात खरंच शिकला. वर्षभरात मी डाव्या खांद्यावरून पहिल्याइतके गुण मारायला लागले. मॅडमनी पुन्हा निवड चाचणीसाठी नाव घातलं.

तपासणीला आम्ही सहा-सहा महिन्यांनी जात होतो. चाचणीआधीच्या खेपेला डॉक्टरबाईंनी यंत्रावरचं चित्र बराच वेळ बघितलं आणि डाव्या डोळ्यालाही तोच आजार सुरू झालाय म्हणाल्या. लवकर सापडलाय, थांबवू. रोजच्या कामाला कडक लेन्सनं भागेल. पण नेमबाजीचा नाद आता सोडलेला बरा.

बोलले ते अप्पा.

"बदलता येत नाय का पडदा?"

"फार बिघडलं तर बदलतात. पण तो गेलेल्या माणसाचा असतो."

"जित्या माणसानं आपल्या राजीखुशीनं दिला तर? माझं डोळं लई चांगलं हायत. एकच घ्या म्हणतो मी."

"नाही घेता येत, काका. माणूस गेल्यावरच."

अप्पांनी मान हलवली. कंपनीत साहेबानं काम समजावून सांगितल्यावर हलवतात, अगदी तशी. आम्ही बाहेर आलो. पार्किंगमध्ये त्यांनी गाडीला किल्ली लावली, पण चालू केली नाही. माझ्याकडं न बघता म्हणाले, "मग तुला थोडं थांबावं लागंल, माय. लई नाय."

आधी मला कळलंच नाही. कळलं तेव्हा मी भर पार्किंगमध्ये त्यांच्यावर ओरडले. काहीही बडबडू नका म्हणाले, तोंड सांभाळून बोला म्हणाले, बापाला बोलू नये ते सगळं बोलले. ते शांतपणे ऐकत होते. त्यांना यात वाईट असं काही दिसतच नव्हतं. त्या दिवसापासून स्वतःला सर्दी-खोकला झाला की ते औषध घ्यायला टाळाटाळ करायचे. आणि रायफल? ती रविवारच्या रविवार पुसून, डाव्या खांद्याच्या मापावर तशीच जपून ठेवायचे. "राहू दे," म्हणायचे, "पुढं लागंल." मी स्वयंपाकघरात जाऊन रडायची.

एके दिवशी ते कामावर असताना मी नगरच्या त्या मुलीला फोन केला. तिच्या ओळखीतल्या एका डावखुऱ्या खेळाडूला रायफल हवी होती. तो दुपारीच येऊन घेऊन गेला. जॅकेट, बूट, हातमोजा, छर्ऱ्यांचे डबे, सगळं दिलं. घरात मी काही ठेवलं नाही.

संध्याकाळी अप्पा आले, हातपाय धुतले आणि पेटीची रिकामी जागा बघून तिथंच खाली बसले. म्हणाले, "इचारायचं तरी मला."

"विचारलं असतं तर तुम्ही विकू दिली नसती," मी म्हणाले. "आणि ती घरात असेपर्यंत तुम्ही मरायची वाट बघत बसला असता."

आईनं ताट वाढलं. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांनी आठवडाभर टाळलेलं खोकल्याचं औषध चमच्यात ओतलं. लेन्स काढून ठेवल्या होत्या, मला एकाचे दोन चमचे दिसत होते. त्यांनी माझं मनगट धरलं, चमचा आपल्या तोंडाशी नेला आणि औषध घेतलं.