बाकावर राहिलेली क्लिप
हाताला डिझेलचा वास लागला की मला थंडीतली ती सकाळ आठवते. मुंबईत नोकरी करणाऱ्या एकाने जुनी डिझेल जीप घेतली होती आणि लडाखला जायचं म्हणून महाडच्या माझ्या गॅरेजात तिला हिटर बसवून घेतला. टाकीतून हिटरला डिझेल नेणारी नळी मी तीनदा तपासली, कुठे थेंबही गळत नव्हता. लडाखआधी आपल्या आईला पोलादपूरच्या वर त्यांच्या वाडीवर सोडायला तो निघाला, आणि हात धुताना मला बाकावर एक क्लिप पडलेली दिसली. हिटरचा धूर गाडीबाहेर सोडणाऱ्या पाइपची ती क्लिप होती. पाइप सुटला तर विषारी धूर आत भरणार. त्याचा फोन लागेना. मी मोटारसायकल काढली. हायवेवर पुढची प्रत्येक जीप त्याचीच वाटायची, जवळ गेलो की दुसरीच निघायची. शेवटी पोलादपूरला चहाच्या टपरीपुढे ती दिसली. तो बाहेर चहा पीत होता. आत काचा बंद, हिटर चालू आणि म्हातारी मान टाकून बसलेली. मी दार उघडून तिला बाहेर ओढलं. “काय झालं रे? डोकं तेवढं जड झालंय,” ती म्हणाली. मी चूक सांगितली तशी मुलाने माझी कॉलर धरली. “सोड त्याला,” म्हातारी म्हणाली, “नाय आला असता तर तुला कळलं असतं काय?” त्याने हात काढला. त्यानंतर अनेकांनी हिटरसाठी विचारलं. मी त्यांना पुण्याचं गॅरेज सुचवतो.