मे महिन्यातला कोट

प्रज्ञाताईंच्या जयाचा फोन आला तेव्हा मी पिस्कॅटवेच्या इंडियन स्टोअरमध्ये मेथी निवडून घेत होते. "मावशी, आई गेली... इन हर स्लीप," एवढंच ती म्हणाली. जुडी हातात धरून मी तिथेच उभी राहिले, आणि खरं सांगते, रडू येण्याआधी मला राग आला. मे महिन्यातली सुनावणी अजून व्हायची होती, आणि ही बाई भांडण अर्धवट टाकून निघून गेली.

प्रज्ञाताई मूळच्या नागपूरच्या. इथे नदीपलीकडच्या गावातल्या सरकारी शाळेत गणित शिकवायच्या. शाळांचा बराचसा पैसा इथे त्या त्या गावाच्या घरपट्टीतून येतो. त्यामुळे महागड्या घरांच्या गावातल्या शाळेत पोहण्याचा तलाव, आणि ताईंच्या शाळेत वर्ग गरम ठेवणारा बॉयलरच थंडी पडली की हमखास बंद पडायचा. मुलं वर्गात कोट घालून गणितं सोडवायची. अशा शाळांना राज्याने जास्त मदत द्यावी, हे सांगायला ताई दर वर्षी मे महिन्यात राज्याच्या बजेट समितीपुढच्या सुनावणीला जायच्या. आणि आम्ही कोण, तर शाळेचं रेटिंग बघून घर घेणारी मंडळी! एकदा पॉटलकच्या जेवणाला आमच्यातलाच एक जण म्हणाला, "आपण एवढा टॅक्स भरतो तो आपल्या पोरांसाठी यार. त्यांच्या गावाचं त्यांनी बघावं." ताईंनी हातातली प्लेट खाली ठेवली. "कुठल्या वस्तीतली आहेस, हे विचारून विहिरीवर पाणी देणारी माणसं माझ्या आजीने पाहिली," त्या म्हणाल्या. "तुम्ही शाळेच्या दारात तेच विचारताय." त्यानंतर बराच वेळ कुणी श्रीखंडाला हात लावला नाही. मला मात्र मनापासून आनंद झाला होता.

एका सुनावणीला मी त्यांच्यासोबत गेले. बाहेर उकाडा, आणि ताईंच्या अंगात गुडघ्यापर्यंतचा काळा लोकरी कोट. घाम नुसता ओघळत होता. समितीचे अध्यक्ष सौजन्याने म्हणाले, कोट काढून बसा. ताई माइकवर शांतपणे म्हणाल्या, "माझ्या मुलांना वर्गात तो काढता येत नाही. त्यांना आला की मीही काढीन."

बॉयलर काही आला नाही... पुढच्या वर्षी ताई पुन्हा तोच कोट घालून हजर. मागे काही लोक हसले. हसू देत, ताई म्हणाल्या, निदान आपली शाळा त्यांच्या लक्षात तरी राहिली.

अंत्यविधीला आम्ही त्रिशरण म्हटलं, तेव्हा त्यांच्या वर्गातली मुलं मागे रांगेने उभी होती. निघताना जयाने तो कोट माझ्या हातात दिला. "डोनेट नाही करवत, मावशी. यू टेक इट."

थंडी सरली की इथे घरोघरी कोट धुऊन बेसमेंटमध्ये जातात. आमचेही गेले. हा मात्र दारामागच्या खुंटीवरच आहे. मला तो ढगळ होतो, बाह्या दुमडाव्या लागतात. सुनावणीत बोलणाऱ्यांमध्ये या वर्षी मी माझं नाव दिलंय. बाहेर उकाडा वाढत चाललाय... वाढू दे.